‘समजलं का?’ हे थोडं उशिरा विचारा : स्वमूल्यमापनाच्या रकान्याविषयी एक खुले पत्र

प्रति,
समग्र प्रगतिपत्रकाची आखणी करणारे आणि शिक्षक-प्रशिक्षणाचे साहित्य तयार करणारे सर्व अधिकारी व तज्ज्ञ,
महाराष्ट्र राज्य.

विषय : मुलांनी स्वतःच्या आठवणीचा आणि आकलनाचा केलेला अंदाज केव्हा व कसा विचारावा, याबाबत.

सविनय नमस्कार.

मी गेली तेवीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. या काळात वर्गात मी सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न कोणता, असे कुणी विचारले तर तो ‘समजलं का?’ हाच असणार. आणि त्याला मिळालेले उत्तर म्हणजे एका सुरात, शेवटचा स्वर लांबवत आलेले ‘होऽऽ’. हे उत्तर खोटे नसते, हे मी आधीच नमूद करते, कारण या पत्राचा सारा मुद्दा त्यावर उभा आहे. मुले बाईंना फसवत नाहीत. त्या क्षणी त्यांना खरोखरच समजल्यासारखे वाटत असते. समजल्यासारखे वाटणे आणि समजणे यांतले अंतर सात-आठ वर्षांच्या मुलाला कितपत दिसते, आणि ते दिसू लागावे म्हणून आपण शाळेत नेमके काय करतो, हा माझा प्रश्न आहे.

पत्राला निमित्त झाले ते स्वमूल्यमापनाच्या रकान्याचे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्यातील कलम २९ मुलाच्या आकलनाचे आणि ते आकलन वापरण्याच्या क्षमतेचे सातत्यपूर्ण, सर्वंकष मूल्यमापन व्हावे असे सांगते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० त्याही पुढे जाते आणि प्रगतिपत्रकात शिक्षकाच्या मूल्यमापनासोबत मुलाने स्वतःचे व सोबत्यांनी एकमेकांचे केलेले मूल्यमापनही असावे असे म्हणते. ही तरतूद मला मनापासून आवडली आहे. मुलाच्या अभ्यासाविषयी त्याच्याखेरीज बाकी सगळ्यांना विचारण्याची आपली रीत असताना त्यालाच विचारायचे ठरले, ही लहान गोष्ट नव्हे. अडचण आहे ती विचारण्याच्या वेळेची. पाठ संपतो, तास संपायला पाच मिनिटे उरलेली असतात, फळा अजून पुसलेला नसतो, पुस्तक उघडेच असते, आणि अशा वेळी मुलाच्या हातात आम्ही तयार केलेला एक तक्ता येतो : ‘मला हा पाठ समजला’, ‘मला नवीन शब्दांचे अर्थ आठवतात’. समोर तीन चेहरे काढलेले असतात; एक हसरा, एक साधा आणि एक पडलेला. मूल हसरा चेहरा रंगवते. त्याला तो रंगवायला आवडतोही. सगळ्या वर्गाचे हसरे चेहरे मी फाईलला लावते आणि पुढच्या सोमवारी तोच धडा काढला की वर्ग माझ्याकडे असा पाहतो, जणू त्या धड्याच्या दिवशी सगळेच्या सगळे गैरहजर होते.

मुलांच्या अशा अंदाजांचा अभ्यास पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी सहकाऱ्यांसह केलेला आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इतका साधा आहे की तो कोणत्याही वाडीवस्तीवरच्या शाळेत करता येईल. मुलांना आधी एक चित्र, मग दोन, मग तीन अशी दहापर्यंत वाढत जाणारी चित्रे दाखवायची आणि दर वेळी विचारायचे, ‘एवढी तुला ओळीने सांगता येतील का?’ बालवाडीच्या वयाच्या मुलांचा सरासरी अंदाज ७.२ चित्रांचा होता; प्रत्यक्षात त्यांना ३.५ आठवली. त्यांच्याहून वर्षाने मोठ्या मुलांनी ८ सांगितली आणि ३.६ आठवली. दुसरीच्या मुलांचा अंदाज ६ आणि आठवण ४.४. चौथीत मात्र अंदाज ६.१ आणि आठवण ५.५, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या बऱ्याच जवळ आलेली. हे आकडे सावकाश पाहावेत अशी माझी विनंती आहे. बालवाडीपासून चौथीपर्यंत मुलांची आठवण अवघ्या दोन चित्रांनी वाढली; पण अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली तफावत ३.७ वरून ०.६ वर आली. या वर्षांत मुलाचे लक्षात ठेवणे जेवढे बदलते, त्याहून अधिक बदलते ते स्वतःच्या लक्षात ठेवण्याविषयीचे त्याचे मत. फ्लॅवेल यांनी या जाणिवेला पुढे ‘मेटामेमरी’ आणि अधिक व्यापक अर्थाने ‘मेटाकॉग्निशन’ अशी नावे दिली. मराठीत त्यासाठी ‘अधिबोध’ हा शब्द आहे, पण प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत असा शब्द आला की आम्ही शिक्षक तो पाठ करतो आणि पुढे जातो. म्हणून ‘आपल्याला काय येते याची जाण’ एवढेच म्हणणे मला बरे वाटते.

फ्लॅवेल यांच्याच चमूने १९७५ मध्ये मुलांना एक गमतीदार प्रश्न विचारला होता. तुला मित्राचा फोन नंबर सांगितला, तर तू लगेच फोन लावशील की आधी पाणी पिऊन येशील, आणि त्याने काही फरक पडेल का? मोठी मुले आधी फोन लावू म्हणाली, कारण नंबर डोक्यातून निघून जाईल. लहानांपैकी पुष्कळांना यात फरक पडण्यासारखे काही दिसलेच नाही. आठवण ही गळती लागलेली वस्तू आहे, ही गोष्ट मुलाला उपजत ठाऊक नसते, ती हळूहळू कळते.

मी पहिलीच्या वर्गात हा प्रकार माझ्या पद्धतीने करून पाहिला. टेबलावर खडू, कुलूप, कंगवा, बांगडी, चिंचेचे बोटूक अशा दहा वस्तू मांडल्या आणि विचारले, झाकल्यावर किती आठवतील? एक मुलगा उभा राहून म्हणाला, ‘दहाच्या दहा, बाई!’ ओढणीने वस्तू झाकल्यावर त्याला चार आठवल्या. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारले, काल किती आठवल्या होत्या? तो म्हणाला, ‘चार.’ आणि आज किती आठवतील? ‘दहा!’ मला आधी हसू आले आणि नंतर वाटले, हा मुलगा आगाऊ असावा. तो आगाऊ नव्हता. अमांडा लिप्को, जॉन डनलॉस्की आणि विल्यम मेरिमन यांनी २००९ मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांबाबत नेमके हेच दाखवून दिले आहे : मागच्या खेपेला किती जमले हे मुले बरोबर सांगतात आणि तरीही पुढच्या खेपेचा अंदाज तितकाच फुगवून करतात. डेबोरा स्टायपेक यांच्या अभ्यासांत तर लहान मुले दुसऱ्या मुलाविषयी अंदाज करताना त्याच्या आधीच्या कामगिरीकडे लक्ष देतात आणि स्वतःविषयी करताना मात्र देत नाहीत, असे दिसले. म्हणजे या वयात हिशोब येत नाही असे नाही. स्वतःच्या बाबतीत इच्छा आणि अंदाज हे दोन वेगवेगळे कप्पे झालेले नसतात. ‘किती आठवतील?’ असे विचारल्यावर मूल ‘किती आठवाव्यात असे वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर देत असते. हसऱ्या चेहऱ्याचा रकाना भरतानाही तेच घडत असणार.

येथे एका गैरसमजाला जागा राहू नये. लहान मुलाचा हा फुगीर अंदाज हा दोष आहे आणि तो ताबडतोब सुधारला पाहिजे, असे मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेतील डेव्हिड बिऑर्कलंड यांनी अनेक वर्षे असे मांडले आहे की, लहानपणीचा हा अतिविश्वास मुलाच्या फायद्याचाच असतो. आपल्याला नीट जमत नाही हे तीन-चार वर्षांच्या मुलाला अचूक कळले असते, तर त्याने बटणे लावण्याचा, चित्र काढण्याचा, गाणे म्हणण्याचा नाद कधीच सोडून दिला असता. त्यांच्या चमूच्या २००७ मधील अभ्यासात, सुरुवातीला अधिक फुगवून अंदाज करणाऱ्या मुलांची पुढच्या फेऱ्यांमधील प्रगती अधिक झाल्याचे आढळले. त्यामुळे बालवाटिकेत आणि पहिली-दुसरीत ‘तुला येत नाही हे मान्य कर’ असे शिकवण्याची कल्पनाही मला नकोशी वाटते. माझे म्हणणे इतकेच आहे की, या वयातील स्वमूल्यमापनाला आपण मोजमाप समजू नये. तो मुलाचा उत्साह आहे. तो चेहऱ्यावर दिसतोच, फाईलला लावण्याची गरज नाही.

आठवणीचे इतके मी सविस्तर लिहिले, कारण ते मोजता येते. आकलनाचे प्रकरण याहून अवघड आहे. कविता आठवली नाही तर मूल अडखळते आणि ते स्वतःलाही ऐकू येते. न समजलेला परिच्छेद मात्र न अडखळता वाचून पूर्ण होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एलन मार्कमन यांचा १९७७ मधील प्रयोग प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या प्रत्येक डी.एल.एड्. महाविद्यालयात शिकवला गेला पाहिजे. त्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांना पत्त्यांचा एक खेळ समजावून सांगितला. खेळात ‘खास पत्ता’ कुणाकडे आहे ते पाहायचे होते, पण खास पत्ता म्हणजे कोणता, हे सांगितलेच नव्हते. सूचना मुद्दाम अपुरी होती. पहिलीच्या पुष्कळ मुलांना ऐकताना काहीही खटकले नाही. प्रत्यक्ष खेळायला बसल्यावर किंवा खोदून खोदून विचारल्यावरच त्यांच्या लक्षात आले. तिसरीच्या मुलांना ते बरेच लवकर उमगले. १९७९ मध्ये त्यांनी तिसरी, पाचवी आणि सहावीच्या मुलांना असे उतारे वाचून दाखवले की ज्यांत उघड विसंगती होती. त्यांपैकी एक माशांविषयी होता : समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो, इतक्या अंधारात माशांना रंगसुद्धा दिसत नाहीत, आणि पुढे, तळाशी राहणारे काही मासे रंगावरून आपले खाद्य ओळखतात. बारा वर्षांच्या मुलांपैकीही अनेकांनी यात काही चुकले असल्याचे सांगितले नाही. त्यांना वाक्ये आठवत होती. प्रत्येक वाक्य त्यांना सुटेपणी समजलेही होते. ती वाक्ये एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचे काम मात्र झाले नव्हते, आणि ते झालेले नाही याची खबरही मुलांना नव्हती.

मी पाचवीसाठी असाच एक उतारा लिहिला. एका गावात वर्षानुवर्षे पाऊस पडत नाही, नदी नाही, विहिरीही कोरड्या आहेत. म्हणून तिथले शेतकरी पावसाचे पाणी शेततळ्यात साठवून भात लावतात. मुलांनी तो प्रकट वाचनाने वाचला, मूकवाचनाने वाचला, आणि ‘काही विचारायचे आहे का?’ असे म्हटल्यावर दोन हात वर आले. एका मुलीने विचारले, पाऊसच नाही तर साठवणार काय? दुसऱ्या मुलाला पाणी प्यायला जायचे होते. (त्याला मी जाऊ दिले, निदान त्याला स्वतःच्या स्थितीचा अंदाज अचूक होता.)

आपल्या राज्यात या प्रश्नाला एक वेगळी धार आहे आणि तिच्याकडे आपले विशेष लक्ष वेधते. मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली आणि पावरी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारी मुले प्रमाण मराठीतले पुस्तक वाचायला शिकतात. दुसरीकडे सेमी इंग्रजीच्या वर्गांतली मुले गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकतात. दोन्हीकडे अक्षर ओळखून अस्खलित वाचणे आधी येते आणि अर्थ मागून येतो, कधी फार मागून येतो. अस्खलितपणा हीच समजल्याची खूण आहे असे मूल धरून चालते, कारण आम्ही शिक्षकही तसेच धरून चालतो. अडखळणाऱ्याला थांबवतो आणि घडाघडा वाचणाऱ्याला शाबासकी देतो. प्रकाशसंश्लेषणाची इंग्रजी व्याख्या एका दमात म्हणणाऱ्या सहावीच्या मुलीला मी एकदा विचारले, मग रात्री झाडाचे काय होते? ती गोंधळली नाही, तिने व्याख्या पुन्हा म्हटली. तिच्या दृष्टीने प्रश्नाचे उत्तर देऊन झाले होते. अशा मुलीच्या हाती ‘मला समजले’ हा रकाना दिला तर ती प्रामाणिकपणे हसरा चेहरा रंगवेल, आणि तो चेहरा प्रगतिपत्रकात गेला की तिला मदतीची गरज आहे हे कळण्याची आपली एक वाट आपणच बंद केलेली असेल.

मोठ्यांची स्थिती याहून फार निराळी नाही. वाचलेल्या मजकुरांपैकी कोणता आपल्याला अधिक समजला आणि कोणता कमी, हा प्रौढ विद्यार्थ्यांचा अंदाज नंतरच्या चाचणीशी कितपत जुळतो, याची अनेक प्रयोगांची सरासरी काढली असता तो सहसंबंध ०.२७ च्या आसपास भरतो. पूर्ण जुळणी असती तर तो १ असता. आमच्या प्रत्येक प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी, चहा येण्यापूर्वी, जो अभिप्रायाचा कागद भरून घेतला जातो, त्यात ‘आशय समजला का?’ यापुढे आम्ही सगळे ‘उत्तम’ लिहितो, याची या ठिकाणी आठवण करून दिल्याबद्दल क्षमस्व.

मग मुलाला विचारूच नये का? तसे मुळीच नाही, कारण न कळल्याची जाणीव मुलाजवळ असते. ती बोलण्याआधीपासून असते. फ्रान्समधील लुईस गुपिल, सिद कुइदेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वीस महिन्यांच्या बाळांना लपवलेले खेळणे कुठे आहे ते दाखवायला सांगितले. जिथे नक्की आठवत नव्हते तिथे ही बाळे मदतीसाठी आईकडे किंवा वडिलांकडे पाहत. कॅलिफोर्नियातील क्रिस्टन लायन्स आणि सिमोना गेट्टी यांनी २०११ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना, प्रश्नाचे उत्तर दिल्यावर, खात्री असलेल्या आणि खात्री नसलेल्या मुलाचे छायाचित्र दाखवून त्यातून आपल्यासारखे कोणते ते निवडायला सांगितले, तेव्हा चुकलेल्या उत्तरांपेक्षा बरोबर उत्तरांना मुलांनी खात्रीचे छायाचित्र अधिक वेळा निवडले. बीज आहे, ते अंधूक आहे, आणि चाळीस जणांच्या सामूहिक ‘होऽऽ’मध्ये ते ऐकू येत नाही. वीस महिन्यांचे बाळ अडल्यावर आईकडे पाहते. तेच मूल आठव्या वर्षी अडल्यावर बाईंची नजर चुकवते. मधल्या काळात त्याने काय शिकले, याचा विचार आपण आणि मी दोघांनीही केला पाहिजे.

या अंधूक जाणिवेला बळ देण्याचा एक उपाय संशोधनातून स्पष्टपणे पुढे आलेला आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये विद्यार्थ्यांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या. जोडी पाहिल्यावर लगेच ‘ही तुला नंतर आठवेल का?’ असे विचारले तर अंदाज बेताचे येत. मध्ये थोडा वेळ जाऊ दिला आणि फक्त पहिला शब्द दाखवून विचारले, तर तेच अंदाज आश्चर्य वाटावे इतके अचूक येत. कारण उघड आहे. नुकतेच वाचलेले जिभेवर असते, त्यामुळे सगळेच येते असे वाटते. काही वेळाने मात्र ते स्मरणातून शोधून काढावे लागते, आणि शोधूनही हाती लागले नाही तर आपल्याला येत नाही हे कुणी सांगायची गरज उरत नाही. यात एक अट आहे. उत्तर समोर दिसत असेल तर हा फायदा नाहीसा होतो, म्हणून पुस्तक मिटलेले हवे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, जर्मनीतील वुर्त्सबुर्ग विद्यापीठाचे वोल्फगांग श्नायडर आणि सहकारी यांनी २००० मध्ये सहा, आठ आणि दहा वर्षांच्या मुलांवर हाच प्रयोग केला आणि मुलांमध्येही हाच परिणाम दिसून आला. जे मूल ‘लगेच’ विचारल्यावर चुकते, तेच मूल ‘थोड्या वेळाने’ विचारल्यावर बऱ्यापैकी बरोबर सांगते. आपण ज्याला मुलाची असमर्थता म्हणतो, तिच्यातला मोठा भाग आपल्या वेळापत्रकाचा आहे.

हे वाचताना मला आमच्या घरची दिवेलागण आठवली. आजोबा परवचा घेत असत. शुभंकरोती झाली की पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. अर्थ न कळता पाठ करण्याची जी थट्टा आज होते ती रास्तच आहे आणि मला तो काळ परत आणायचा नाही. पण त्या रिवाजात एक गोष्ट नेमकी साधली होती : सकाळी घोकलेले आणि संध्याकाळी म्हणून दाखवलेले यांत सबंध दिवस जात असे, आणि म्हणताना पाटी हाती नसे. उणीव एवढीच होती की येते की नाही याचा निवाडा आजोबा करत. तू आधी सांग, आज कुठवर येईल असे वाटते, असे त्यांनी कधी विचारले नाही. विचारले असते तर सातव्या पाढ्यापाशी माझी रोज जी अडचण होई ती मलाच आधी दिसली असती.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचून तीन वेळा पुस्तकाविना आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर पहिल्या गटाला ४० टक्के आठवले आणि दुसऱ्याला ६१. आपल्याला आठवड्याने किती आठवेल, याविषयी अधिक आश्वस्त होता तो मात्र पहिला गट. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक पुन्हा पुन्हा चाळणारे दहावीचे प्रत्येक मूल आणि ‘किती अभ्यास करतोय’ असे कौतुकाने पाहणारे त्याचे पालक या पहिल्या गटात मोडतात.

अंदाज सुधारला की काम संपत नाही, हेही मला आपल्यापुढे ठेवायचे आहे. अ‍ॅनेट ड्युफ्रेन आणि अकिरा कोबासिगावा यांनी १९८९ मध्ये पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवीच्या मुलांना काही सोप्या आणि काही अवघड जोड्या पाठ करायला देऊन वेळ त्यांच्याच हाती ठेवला. पाचवी-सातवीच्या मुलांनी अवघड जोड्यांना जास्त वेळ दिला. पहिली-तिसरीच्या मुलांनी दोन्हींना सारखाच दिला, आणि गंमत म्हणजे कोणत्या जोड्या अवघड आहेत हे लहान मुलांनाही बऱ्याच अंशी ठाऊक होते. माहीत असणे आणि त्या माहितीवर वागणे यांत आणखी काही इयत्ता जातात. त्यामुळे ‘मला भागाकार अवघड वाटतो’ असे रकान्यात लिहून घेऊन थांबणे म्हणजे तापमापक बघून कपाटात ठेवण्यासारखे आहे.

या सर्वांवरून मी आपणास काही विनंत्या करते. पहिली-दुसरीपर्यंत स्वमूल्यमापनाचा रकाना मुलाला काय आवडले, काय करून पाहावेसे वाटते एवढ्यापुरता ठेवावा. किती समजले हे त्या वयात त्याच्याकडून लिहून घेऊ नये. तिसरीपासून हा रकाना पाठाच्या दिवशी भरूच नये, दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर भरावा, आणि त्या वेळी पुस्तके दप्तरात असावीत. त्यात ‘मला समजले का’ असा मोघम प्रश्न नसावा. पाठातले पाच प्रश्न फळ्यावर लिहावेत, यांतले किती तुला सांगता येतील तो आकडा मुलाने वहीच्या कोपऱ्यात लिहावा, मग उत्तरे लिहावीत, मग पुस्तक उघडून स्वतःच तपासावीत आणि पहिल्या आकड्याशेजारी दुसरा आकडा लिहावा. मोठ्या वर्गांत प्रश्नांऐवजी पाठाचे सार सांगणारे पाच-सहा शब्द पुस्तक न उघडता लिहायला सांगावेत. अनीक दे ब्रुइन आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासात सहावी-सातवीच्या मुलांना अशा उशिराने लिहिलेल्या शब्दांचा उपयोग झाल्याचे दिसले आहे. दोन आकड्यांत तफावत पडलेल्या मुलाला काय करायचे तेही तिथेच सांगावे : चुकलेला भाग आधी वाच, आलेला सोड. आम्ही शिक्षक याच्या उलट सांगतो. ‘संपूर्ण धडा पुन्हा वाचून या’ म्हणतो, आणि मूल जे येते तेच पुन्हा आनंदाने वाचते.

सर्वांत आग्रहाची विनंती अशी की, या आकड्यांची बेरीज कुठेही होऊ देऊ नये. ते ऑनलाइन भरायला लावू नयेत, त्यांची टक्केवारी काढू नये, शाळासमूह केंद्राच्या आढाव्यात शाळांची तुलना करण्यासाठी ते वापरू नयेत. ज्या दिवशी मुलाच्या अंदाजाला गुण मिळतील, त्या दिवसापासून मूल अंदाज करणे सोडून बाईंना काय हवे ते लिहील, आणि बाई साहेबांना काय हवे ते लिहून घेतील. हे आकडे मुलाच्या वहीत राहावेत, वर्षअखेरीस वहीबरोबर घरी जावेत.

पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांसाठी एक वेगळे मागणे आहे. तिसरीपासून प्रत्येक भाषेच्या आणि परिसर अभ्यासाच्या पुस्तकात निदान एक उतारा मुद्दाम चुकलेला असावा. अपुरी सूचना, एकमेकांना छेद देणारी दोन वाक्ये, वगळलेली पायरी. खाली लिहिलेले असावे, ‘यात काहीतरी बसत नाही, शोधा’, आणि वरच्या वर्गांत तेही लिहिलेले नसावे. छापलेले सगळे बरोबरच असते आणि न कळणे ही आपलीच चूक असते, अशी मुलाची जी समजूत असते, तिला छापील पुस्तकानेच धक्का दिला तर तो लागेल. शुद्धलेखनाच्या चुकांसाठी आपल्यावर दरवर्षी जी टीका होते ती पाहता, मुद्दाम चूक छापण्याचे धाडस मी मागत आहे याची मला कल्पना आहे.

हे सारे पटसंख्येच्या आणि अशैक्षणिक कामांच्या ओझ्याखाली कसे जमणार, असा आक्षेप माझे सहकारी घेतील. पाच प्रश्नांची ही पद्धत मी गेली दोन वर्षे तिसरी-चौथीच्या जोडवर्गात आठवड्यातून दोनदा वापरते आहे. तिला बारा-पंधरा मिनिटे लागतात आणि तपासणी मुलेच करत असल्यामुळे माझा वेळ उलट वाचतो. सगळे सुरळीत झाले असे नाही. पहिल्या सत्रात दोन हुशार मुलींनी मुद्दाम कमी आकडा लिहायला सुरुवात केली, म्हणजे नंतर ‘जास्त आले’ असे दिसावे. त्यांना मी बक्षीस द्यायचे बंद केल्यावर ते थांबले. एक मुलगा अजूनही दर वेळी पाचच लिहितो. पण मार्च महिन्यात एकाने मध्येच हात वर करून ‘बाई, मला कळल्यासारखं वाटतंय, पण उद्या विचारा’ असे म्हटले, तेव्हा हे पत्र लिहायचे मी ठरवले.

त्या वह्या माझ्याकडे नाहीत, मुलांकडे आहेत, पण मागितल्यावर ती आनंदाने दाखवतील. आपल्यापैकी कुणालाही वर्ग पाहायचा असेल तर मंगळवारी किंवा शुक्रवारी परिपाठानंतर यावे. आगाऊ कळवू मात्र नये. साहेब येणार असे कळले की मीच मुलांची तयारी करून घेईन, आणि मग आपण ‘समजलं का?’ असे विचारल्यावर काय ऐकू येईल ते आपल्याला ठाऊक आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका